वैद्यकीय इच्छापत्र की नातेवाइकांचा निर्णय?

शेवटच्या आजारात कृत्रिम उपचार किती काळ चालवायचे, हे आधीच लिहून ठेवावे की वेळ आल्यावर नातेवाइकांवर सोपवावे, हे दोन्ही मार्ग भारतात कायद्याने खुले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतले की पुरते.

इच्छापत्र नसल्यास संमती कुटुंबीयांकडून घेतली जाते. डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत दोन्ही मार्गांत लागतेच, म्हणजे कागदाने ती पायरी टळत नाही. टळू शकतो तो अतिदक्षता विभागाबाहेरचा वाद, जिथे परगावाहून आलेला मुलगा ‘काहीही करा, पण वाचवा’ म्हणतो आणि रात्रंदिवस उशाशी बसलेली सून गप्प राहते. हल्ल्यानंतर अनेक वर्षे अचेतन अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या बाबतीत त्यांची इच्छा सांगणारा कागद नव्हता, आणि २०११ मध्ये न्यायालयाने त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएम रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा ‘त्यांना जगू द्या’ हा शब्द ग्राह्य धरला.

माझ्या मते इच्छापत्र उजवे, मात्र ते कपाटात कुलूपबंद असेल तर व्यर्थच. वेदनाशमन आणि शुश्रूषा मात्र कोणत्याही मार्गात थांबवायची नसते.