पहिलं वॉरबर्ड कोणतं: स्पिटफायर, मस्टँग की ट्रोजन?

रिमोटनं उडवायच्या मॉडेल विमानांचा हा छंद. ट्रेनरवर, म्हणजे शिकायच्या सोप्या विमानावर, हात बसला, सकाळच्या चारही बॅटऱ्या संपवून विमान धडधाकट घरी यायला लागलं, की ह्या छंदातल्या प्रत्येकाला एक आजार जडतो. इतके दिवस जीव लावलेलं ते वरच्या पंखाचं विमान अचानक ओबडधोबड दिसायला लागतं आणि रात्री अकरा वाजता पांघरुणात मोबाइल धरून स्पिटफायरसारख्या वॉरबर्डचे (जुन्या लष्करी विमानांच्या मॉडेलांचे) फोटो बघणं सुरू होतं. मलाही जडला. त्यानंतरच्या दोन वर्षांत मी स्पिटफायर घेतलं, मित्राचं मस्टँग भरपूर उडवलं आणि शेवटी ट्रोजन घेतलं. मोजमापं काही केलेली नाहीत. मैदान, मी आणि मोडलेले प्रॉपेलर, एवढाच पुरावा.

चार चॅनल (थ्रॉटल म्हणजे मोटरचा जोर, एलेरॉन म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा, एलेव्हेटर म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप, रडर म्हणजे नाक डावं-उजवं करणारी) तुमच्या बोटांत आहेत आणि विमान समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं त्याची आता धडकी भरत नाही, असं धरून चालतो. भरत असेल तर अजून दोन महिने ट्रेनरच बरा. तिन्ही विमानं फोमची, साधारण 1.1 ते 1.2 मीटर पंखांची. बाल्सा लाकूड आणि इंजिनवाल्यांची दुखणी वेगळी, त्यात शिरत नाही.

देखणेपणाचा निकाल आधीच लागलेला आहे. 5 मार्च 1936 ला पहिल्यांदा उडालेल्या स्पिटफायरचे ते लंबवर्तुळाकार पंख वळणावर दिसले की मैदानातल्या गप्पा थांबतात. आपलं नातंही आहे त्याच्याशी. 1947-48 च्या काश्मीरच्या लढाईत आपल्या हवाई दलानं स्पिटफायर उडवली होती. आमच्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या एका काकांना बाकी सगळं म्हणजे नुसतं ‘विमान’. स्पिटफायरला मात्र ते नावानं ओळखतात. तेव्हा मन तिकडे ओढ घेत असेल तर मी समजू शकतो, मीही तेच केलं.

हवेत गेल्यावर ते लोक घाबरवतात तेवढं वाईट नाही. अर्ध्या थ्रॉटलवर छान तरंगतं, रोल तर लोण्यासारखा. फक्त त्याला हळू वळवू नये. पंख टोकाकडे निमुळते होत जातात, त्यामुळे वेग कमी असताना वळण आवळलं की आधी टोकाची उचल जाते आणि आतला पंख खाली पडतो. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर माझा डावा पंख असाच पडला. सवयीनं मी उजवा एलेरॉन दिला. त्यानं तो पंख आणखी बुडाला आणि विमान अर्धा फेर उलटं होऊन बाभळीत गेलं. एलेरॉन सोडून आधी नाक खाली, मग रडर, हे मला तोंडपाठ होतं, बोटांना नव्हतं. खऱ्या स्पिटफायरच्या पंखाला मुळापासून टोकापर्यंत अडीच अंशांचा पीळ दिलेला होता, तो ह्याच खोडीवर उतारा म्हणून. फोमच्या साच्यात तो पीळ कितपत उतरतो, हे विमानागणिक बदलत असावं.

मस्टँग सरळ रेषेतलं. रुळावरून धावल्यासारखं जातं, वाऱ्यात हलत नाही, पण उतरताना त्याला वेग लागतो आणि तो वेग धरून ठेवण्याची हिंमत नवशिक्याला नसते. ट्रोजन? ट्रोजन जरा वडीलधारं आहे. पंख जाड, फ्लॅप (उतरताना वेग कमी ठेवणाऱ्या झडपा) मोठे. थ्रॉटल काढून एलेव्हेटर ओढत राहिलं तर नाक हळूच खाली घालतं, थोडा वेग घेतं आणि पुन्हा उडायला लागतं. पंख टाकतच नाही असं म्हणणार नाही, माझ्या हातात अजून टाकलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो, आणि तो हवेतला नाहीच.

पुण्यात उडवायचं म्हणजे जागा शोधणं आलं. 2021 च्या ड्रोन नियमांत आपली मॉडेल विमानंही येतात. लोहगावच्या विमानतळामुळे शहराजवळचा बराच भाग नकाशावर लाल किंवा पिवळा, म्हणजे मनाईचा किंवा परवानगी लागणारा. म्हणून आम्ही शहराबाहेर पाऊण तास गाडी हाकत एका माळावर जातो. मालक भला माणूस, पण माळ तो माळच: मुरूम, मध्येच ढेकळं, पावसाळ्यानंतर घोट्याएवढं गवत. मुद्दाम सपाट केलेली वीस पावलांची पट्टी, तीही दर पावसात वाहून जाते.

अशा जमिनीवर स्पिटफायर उतरलं की काय होतं ते सांगतो. अगदी सुरेख, तोलून केलेलं लँडिंग. चाकं टेकतात, तीन मीटर धावतात, गवताचा एक झुबका चाक धरतो. चाकं थांबतात, विमान थांबत नाही. शेपूट सावकाश वर येते, अगदी रुबाबात, आणि प्रॉपेलर मातीत. टक्. तो आवाज पन्नास पावलांवरून ऐकू येतो. मग विमान नाकावर उभं, शेपूट आकाशात, आणि माझा मुलगा सरळ करायला धावतो. ‘बाबा, परत शेपूट वर!’ पहिल्या दिवशी त्याला ह्यात गंमत होती. चौथ्या वेळेनंतर तो गाडीत जाऊन बसला.

कारण साधं आहे. शेपटीला चाक असलेल्या विमानात पुढची चाकं गुरुत्वमध्याच्या जेमतेम पुढे असतात, आणि त्यातून स्पिटफायरचं नाक आखूड, म्हणून बॅटरी आणि वजन सगळं पुढे कोंबलेलं. चाक जरा अडलं की उलथायला निमित्तच हवं असतं. उपाय मी सगळे केले. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, एलेव्हेटर पूर्ण ओढून धरला. मोठी चाकं बसवली. चाकांच्या तारा पकडीनं पुढे वाकवल्या. नाकावर पडणं कमी झालं, पण आता टेकल्यावर विमान उड्या मारायला लागलं, कारण चाकं पुढे गेली की टेकताना शेपूट खाली आपटते, नाक वर होतं आणि विमान पुन्हा उडतं. चाकं काढून पोटावरही उतरवलं. ते जमतं, पण मग हातानं फेकायला दुसरा माणूस लागतो, आणि पंखाखालचे रेडिएटर दोन दिवसांत खरवडून निघाले. एका रविवारी चार बॅटऱ्या नेल्या होत्या. दुसऱ्या लँडिंगला शेवटचा प्रॉपेलर गेला. पाऊण तास जाणं, पाऊण तास येणं, उड्डाण मिळून अकरा मिनिटं.

विमान पडून मोडलं तर माणूस ते सोसतो. माझीच चूक म्हणतो, घरी येऊन फोम चिकटवतो, दबलेल्या जागेवर गरम पाणी सोडलं की फोम पुन्हा फुगून येतो, त्यातही एक समाधान असतं. पण उड्डाण चांगलं झालं, लँडिंग चांगलं झालं, आणि तरीही दर वेळी दंड भरायचा, ह्यानं जीव विटला.

मस्टँगही शेपटीच्या चाकाचंच, तरी तिथे हे बरंच कमी जाणवलं. खऱ्या मस्टँगच्या दोन चाकांमधलं अंतर स्पिटफायरच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि मॉडेलमध्येही ते तसंच उतरतं. निदान धावताना डावी-उजवीकडे पंख टेकत नाही. नाकावर पडतं, पण तीन-चार वेळांत एकदा.

ट्रोजनला पुढे चाक आहे. संपला विषय. गवतानं धरलं तर विमान जागच्या जागी थांबतं, मी थ्रॉटल देतो, ते डुलत माझ्यापर्यंत चालत येतं. पहिल्यांदा विमान स्वतःच्या चाकांवर माझ्या पायाशी येऊन थांबलं तेव्हा मला, खरं सांगतो, उड्डाणापेक्षा जास्त आनंद झाला.

उडण्याआधी जमिनीवर पळतानाही हाच फरक. प्रॉपेलरच्या फिरण्यानं ही सगळी विमानं डावीकडे ओढतात. शेपटीच्या चाकाच्या विमानात शेपूट उचलली की आणखी एक झटका बसतो, आणि उजवा रडर तुम्ही देईपर्यंत विमान दगडांच्या दिशेनं निघालेलं असतं. ट्रोजनला पुढचं चाक सरळ धरून ठेवतं. रडरची सवय मग निवांत लागते.

‘मग आपलं हार्वर्डच का नको?’ असं आमच्यातल्या एकानं विचारलं होतं. हार्वर्ड आपल्या हवाई दलानं वर्षानुवर्षं शिकवायला वापरलं, पिवळा रंग, गोल इंजिन, सगळं छान. पण तेही शेपटीच्या चाकाचं, आणि जमिनीवर गर्रकन फिरण्यासाठी नावाजलेलं. अमेरिकेत त्याची जागा घ्यायला जे विमान बनवलं तेच ट्रोजन, पहिलं उड्डाण 1949 चं. शिकाऊ माणसाला जमिनीवर कशाला छळायचं, असा विचार तिकडेही कुणीतरी केला असणार. ‘पण ट्रोजन लढाऊ कुठे आहे, ते तर मास्तरांचं विमान’ हा टोमणा मी बराच ऐकला. त्याला माझं उत्तर ठरलेलं: त्याच ट्रोजननं लाओस आणि व्हिएतनाममध्ये बाँब टाकले आहेत. टोमणा तरीही येतोच.

आणखी एक बाब, फोटोत कळत नाही ती. स्पिटफायरचा हिरवा-तपकिरी रंग हा न दिसण्यासाठी शोधलेला आहे आणि तो आपलं काम चोख करतो. ढगाळ सकाळी, मागे डोंगर असताना, दीडशे मीटरवर ते नुसता काळा ठिपका होतं. वर जातंय की खाली, कळेना. मी शेवटी पंखाखाली काळे-पांढरे पट्टे मारले, 1944 च्या नॉर्मंडीच्या चढाईत मारले होते तसे. निदान पोट कुठलं ते कळायला लागलं. ट्रोजन पिवळं. डोळे चोळावे लागत नाहीत.

ट्रोजनचं सगळं गोड आहे असं नाही. पुढच्या चाकाची तार वाकते. नाकावर आपटत उतरलात तर तार सरळ करता येते, पण ती बसवलेली फोममधली पेटी हलायला लागते, आणि एपॉक्सी भरून ती घट्ट करणं हे चिवट काम आहे. चाक वळवणाऱ्या सर्व्होचे (छोट्या मोटरचे) दात माझे एकदा गेले. चाकं आत घेणारी यंत्रणा तर तिन्ही विमानांत आमच्या मुरमावर टिकली नाही. आधी साधे ठाम पाय घ्या. आणि दिसायला, काय बोलणार, ट्रोजन जरा पोट सुटलेलं आहे.

जायरोवाला (विमान आपोआप तोलून धरणारा) रिसीव्हर घ्यावा का, असं विचारलं जातं. घ्या. वाऱ्यात फार मदत होते, पंख पडण्यातही थोडी. पण गवतात अडलेल्या चाकाला जायरो काही करू शकत नाही. सिम्युलेटरचंही तेच: रात्री तासभर बसून मी स्पिटफायर अप्रतिम उतरवत असे, कारण तिथली धावपट्टी आरशासारखी होती.

तेव्हा विमानाआधी तुमचं मैदान बघा, असं सुचवेन. डांबरी पट्टी किंवा रोलर फिरवलेली जमीन मिळत असेल तर माझी तक्रार निम्मी गळून पडते. तिथे मस्टँग उत्तम, आणि हात स्थिर असेल तर थेट स्पिटफायरही चालेल. आमच्यासारखा माळ असेल, तर माझ्या मते ट्रोजन. तुमचं मत वेगळं पडू शकतं. ट्रोजन घेतलंत तर पुढच्या चाकाची एक जादा तार त्याच वेळी मागवा, नंतर सुटी मिळायला फार वाट बघावी लागते. स्पिटफायर घेतलंत तर प्रॉपेलर पाच.

माझं स्पिटफायर मी विकलेलं नाही, दिवाणखान्यात टांगलेलं असतं. मे महिन्यात गवत वाळून माळ टकला होतो, तेव्हा खाली काढतो. ह्या वर्षी तीनदा उडवलं. मुलाला एकदाच धावावं लागलं.