कुलंट प्रेशर टेस्टर किट: जुन्या ट्रकच्या ऑइलमध्ये पाणी येत होतं तेव्हा वापरलं, त्याचा अनुभव

किट म्हणजे काय तर हाताने मारायचा एक पंप, त्याला गेज, दोन-अडीच फुटाचा होज आणि रेडिएटरच्या तोंडाला बसतील अशी वेगवेगळ्या मापाची झाकणं. इंजिन बंद, थंडगार, आणि आपण पंपाने कूलिंग सिस्टीममध्ये हवा भरून प्रेशर द्यायचं, मग काटा पडतो का ते बघत बसायचं. काम एवढंच आहे पण माझं इंजिन या एवढ्याशा कामामुळेच नीट झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा ट्रक जुना आहे, सहा सिलेंडरचं डिझेल इंजिन, वेट लायनरवालं (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती वेगळी निघणारी नळी, वेट म्हणजे तिच्या बाहेरून थेट कुलंट फिरतं). रोज सकाळी रेडिएटरमध्ये थोडं थोडं कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी दिसायला लागलं, खाली जमिनीवर डाग नाही, धूर पांढरा नाही, आणि मग एक दिवस ऑइलची पट्टी काढली तर लेव्हल वरच्या खुणेच्याही वर आणि ऑइल मातकट दुधाळ. गॅरेजमध्ये दाखवलं तर झाकण उघडून पट्टी बघून दोन मिनिटात सांगितलं की हेड गॅसकेट (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवू, फेसिंग मारू म्हणजे त्याचा तळ सपाट करू, नवीन गॅसकेट टाकू. कुठली टेस्ट नाही काही नाही. मला ते पटेना, कारण रेडिएटरमध्ये ऑइलचा एक तवंगसुद्धा नव्हता आणि गाडी तापतही नव्हती. म्हणून ट्रक तिथून टोचन करून आणला, इंजिन परत चालू केलं नाही (ऑइलमध्ये कुलंट असताना इंजिन चालवलं तर बेअरिंग खातं, हे कृपया कोणी करू नका) आणि हे किट मागवलं.

किट यायच्या आधी एक फुकटची टेस्ट केली ती पण सांगतो. गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी चेंबरचा (इंजिनच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्याचा) ड्रेन नट अगदी हळू हळू सैल केला. कुलंट ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं, त्यामुळे ऑइलच्या आधी तेच येतं. आधी हिरवट पाण्याची बारीक धार आली, चांगलं वाटीभर, आणि मग काळं ऑइल. म्हणजे नुसता दमटपणा नव्हता. हे अशासाठी सांगतो की नुसतं ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरा चिकटा दिसला म्हणून घाबरू नका, गाडी थोडी थोडी चालवून बंद केली की वाफेने पण तसा चिकटा येतो, पट्टी आणि ड्रेन नट बघितल्याशिवाय काही ठरवू नका.

आता किटबद्दल. पहिल्यांदा बसवलं तर काटा धडाधड खाली, माझा जीवच गेला, म्हटलं ब्लॉक फुटला की काय. मग साबणाचं पाणी लावून बघितलं तर बुडबुडे टेस्टरच्याच झाकणापाशी येत होते, रबर वॉशर पातळ आणि कडक आहे, जुन्या रुंद तोंडाच्या रेडिएटरवर नीट बसत नाही. जाड वॉशर कापून टाकला तेव्हा बसलं. हा या किटचा मोठा दोष आहे, नवीन माणूस हमखास चुकीचा निष्कर्ष काढेल. दुसरा दोष गेजचा, ३५ पीएसआयपर्यंत आकडे आणि आपलं काम १३-१५ च्या आत, त्यामुळे एक-दोन पीएसआय पडलं तर डोळे फाडून बघावं लागतं. मी काचेवर मार्करने रेघ मारून ठेवली. पंप मात्र चांगला आहे, प्रेशर सोडायचं बटण पण नीट चालतं, किट काढायच्या आधी ते दाबायला विसरू नका.

माझ्या रेडिएटरच्या झाकणावर ०.९ बार लिहिलंय म्हणजे साधारण १३ पीएसआय, त्याच्या वर जायचं नाही. १३ ला थांबलो आणि २० मिनिटांत काटा ९ वर आला, बाहेर कुठेच ओल नाही, होज कोरडे, वॉटर पंपाच्या खाली जे बारीक भोक असतं ते पण कोरडं. म्हणजे पाणी आतच जातंय.

मग वेगळा घेतलेला निळ्या पाण्याचा ब्लॉक टेस्टर लावला, रेडिएटरमधली हवा त्यातून ओढायची, जळलेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं, डिझेलला बऱ्याचदा हिरवटच होतं. ही टेस्ट इंजिन चालू करूनच होते, म्हणून ताजं ऑइल भरून फक्त तेवढ्यापुरतं चालवलं. आधी सायलेन्सरच्या धुरावर धरून पाणी चांगलं आहे याची खात्री केली, आणि रेडिएटरवर ते निळंच्या निळं राहिलं, म्हणजे जळलेला गॅस कुलंटमध्ये येत नव्हता. एअर ब्रेकच्या गाड्यांना अजून एक लक्षात ठेवा, कॉम्प्रेसर पाण्याने थंड होणारा असेल आणि त्याचं गॅसकेट गेलं तरी रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि लोक इंजिनचं हेड उतरवून बसतात. माझ्याकडे बुडबुडे नव्हतेच. ऑइल कूलर (कुलंटने ऑइल थंड करणारा भाग) पण मनातून जवळजवळ काढून टाकला, कारण इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर कुलंटपेक्षा बरंच जास्त असतं, कूलर फुटला की बहुतेक वेळा आधी ऑइल रेडिएटरमध्ये येतं.

शेवटी चेंबर उतरवला, खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरला, परत १३ पीएसआय दिलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली पडून राहिलो. दहा मिनिटं काहीच नाही. मग चौथ्या सिलेंडरच्या लायनरच्या खालच्या कडेला ओल चमकली, थेंब फुगला, क्रँकच्या वेबवर पडला, आणि मग दर अर्ध्या मिनिटाला एक. थेंब लायनरच्या बाहेरच्या अंगाने येत होता, आतून पिस्टनच्या बाजूने नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे. बाहेरून म्हणजे लायनरची खालची ओरिंग (कुलंट खाली चेंबरमध्ये उतरू नये म्हणून लायनरभोवती बसवलेली रबरी रिंग) गेलेली, आतून आला असता तर लायनरला भोक पडलंय किंवा वरून हेडकडून येतंय असा संशय घ्यावा लागला असता.

हेड तर उतरवावंच लागलं कारण लायनर वरूनच निघतो, पण नुसतं गॅसकेट बदललं असतं तर आठवड्याभरात परत तेच दुधाळ ऑइल. काढलेली ओरिंग दगडासारखी कडक आणि एका बाजूने चपटी झालेली. सहाही लायनरच्या ओरिंग बदलल्या, लायनरच्या बाहेरून खड्डे पडलेत का ते नखाने चाचपून बघितलं, बेअरिंगही बदलले. जोडल्यावर चेंबर लावायच्या आधी परत टेस्टर लावला, अर्धा तास काटा मार्करच्या रेघेवरून हलला नाही.

जुनी गाडी असेल आणि स्वतः हात घालत असाल तर घ्याच. पाचपैकी चार देतो, एक कापला तो त्या वॉशरसाठी आणि गेजसाठी. आल्या आल्या आधी किटच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बघा, मग इंजिनकडे वळा.