रत्नागिरीतला फ्लॅट आधी फेडायचा की गावच्या घरासाठी साठवायचं?

पंचवीस लाखांचं कर्ज, 8.5 टक्के, 20 वर्षं: हप्ता साधारण 21,700 रुपये. पहिल्या हप्त्यात त्यातले 17,700 नुसत्या व्याजाचे! म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जादा भरणा सर्वांत जास्त कामाला येतो. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. फक्त जादा भरताना हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करून घ्या.

एफडीत 7 टक्के मिळाले आणि तुम्ही 20 टक्क्यांच्या कर टप्प्यात असलात, तर हातात साडेपाचच उरतात. हिशेबात कर्जफेडच जिंकते.

पण गावची जागा हिशेब बघून येत नाही. सातबाऱ्यावर दहा नावं, मुंबईचे चुलते गणपतीला एकत्र येतात, सगळे ‘हो’ म्हणतात. तेव्हा इसार लगेच द्यावा लागतो. कर्जात भरलेले पैसे तेव्हा परत मिळत नाहीत आणि शेतजमिनीला गृहकर्जही मिळत नाही. घर दोन-तीन वर्षांत बांधायचं असेल तर मी साठवणंच निवडेन. चिरा, वाळू पावसाआधी आणून टाकायला रोकड लागते.

बँक ओव्हरड्राफ्टचं गृहकर्ज देत असेल तर जरूर विचारा. जादा रक्कम ठेवली की व्याज घटतं, गरजेला काढताही येते. दर मात्र थोडा चढा असू शकतो.