स्ट्रेंज होरायझन्स : नवोदितांचा मान राखणारे साप्ताहिक

नवख्या लेखकाची कथा संपादकाच्या हाती पडल्यानंतर तिचे पुढे काय होते, यावरून मी कोणत्याही नियतकालिकाची पारख करते. छापलेले साहित्य उत्तम असणे हा अर्धा भाग झाला. जे छापता आले नाही त्याच्या लेखकाशी कसे वागले जाते, हा उरलेला अर्धा. या दोन्ही कसोट्यांना उतरणारी जी मोजकी नियतकालिके माझ्या वाचनात आली, त्यांत ‘स्ट्रेंज होरायझन्स’ या इंग्रजी साप्ताहिकाला मी फार वरचे स्थान देते. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा आणि त्याच कुळातली कविता असा त्याचा पसारा आहे. श्रीलंकेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या लेखिका मेरी अ‍ॅन मोहनराज यांनी सप्टेंबर 2000 मध्ये ते सुरू केले, तेव्हा इंटरनेटवरच्या नियतकालिकाला साहित्यात कोणी फारशी किंमत देत नव्हते. पाव शतकानंतरही ते दर सोमवारी निघते, वाचायला एक पैसा मोजावा लागत नाही आणि जुने अंकही सगळ्यांना खुले आहेत. 2024 मध्ये त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, याचा मला घरच्या माणसाचे कौतुक व्हावे तसा आनंद झाला.

संपादक मंडळी येथे विनामोबदला काम करतात. वाचकांच्या देणग्यांसाठी दरवर्षी आवाहन केले जाते आणि लेखकांना मात्र मानधन मिळते. मी शेवटचे पाहिले तेव्हा कथेला शब्दामागे 10 सेंट आणि कवितेला, ती आठ ओळींची असो की ऐंशी, 50 डॉलर असा दर होता. म्हणजे 4000 शब्दांच्या कथेला 400 डॉलर. हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण नवोदिताला मानधनाविषयी विचारण्याचाही संकोच वाटतो आणि त्या संकोचावर आपल्याकडचे कित्येक अंक चालतात. माझी एक कथा एका दिवाळी अंकाने दोन वर्षे ठेवून घेतली. पोचपावती नाही, होकार नाही, नकार नाही, आणि मग एका ओळखीच्या बाईंनी फोन करून सांगितले, “अहो, तुमची कथा आलीय की!” अंक मी दुकानातून विकत आणला. साधे ‘साभार परत’चे पत्र आले असते, तर मला ते अधिक सन्मानाचे वाटले असते.

म्हणूनच या साप्ताहिकाची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती एखादी कथा नसून एक यादी आहे. आमच्याकडे वारंवार येणारी कथानके, अशा अर्थाच्या मथळ्याखाली संपादकांनी ती कित्येक वर्षांपूर्वी तयार केली. सर्जनशील माणसाला काही सुचत नाही; परग्रहावर गेलेला पाहुणा तिथल्या रिवाजांकडे दुर्लक्ष करतो आणि त्याची शिक्षा भोगतो; विचित्र घटना घडत जातात आणि शेवटी ते सारे खरे नव्हतेच असे कळते. प्रत्येक नोंद दोन-तीन ओळींची, खाली तिचे पोटप्रकार. यादीतल्या पहिल्याच नोंदीतला माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊ इच्छितो, वाटेत कोणतीही खरी अडचण न येता तिथे पोचतो आणि कथा संपते. कथालेखनावरच्या जाडजूड पुस्तकांनी मला जे शिकवले नाही, ते या एका नोंदीने शिकवले.

ठाण्यात आमचे पाच-सहा जणांचे कथावाचन चालते. तिथे मी ती यादी मराठीत सांगत गेले, तेव्हा महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी काही न बोलता पेन्सिलीने आपल्या वहीतला शेवटचा परिच्छेद खोडू लागली. तिच्या कथेतली नायिका शेवटी झोपेतून जागी होत होती. परिच्छेद गेला आणि पाण्याखाली बुडालेले तिचे गाव खरोखरच बुडालेले राहिले. कथा तिथेच उभी राहिली. संपादकाने आपली आवडनिवड आणि आपला कंटाळा असा उघड मांडून ठेवला, की हजारो मैलांवरच्या मुलीलाही त्याचा उपयोग होतो.

कवितेला येथे मिळणारी वागणूक मला तितकीच भावते. मराठी अंकांत कविता पुष्कळदा पानपूरक म्हणून येते, कथेखाली उरलेल्या जागेत, चौकटीत. येथे तिला स्वतःचे पान आहे आणि अनेक कविता ध्वनिमुद्रित रूपात ऐकायलाही मिळतात. विज्ञानकविता हा शब्दच आपल्याला अनोळखी वाटतो, पण इंग्रजीत 1978 पासून अशा कवींची स्वतंत्र संघटना आहे. त्या परंपरेतले नवे आवाज ऐकायचे असतील, तर सुरुवात येथून करावी.

उणिवा आहेत. कथा ठरावीक काळातच स्वीकारल्या जातात, त्यामुळे तारखांवर लक्ष ठेवावे लागते. निवडीचा कल भाषेच्या प्रयोगांकडे अधिक आहे. काही कथांत वातावरण इतके दाट असते की घडले काय, हे दोनदा वाचूनही हाती लागत नाही. ज्यांना घट्ट कथानक आवडते, त्यांनी आधी परीक्षणांचा विभाग वाचावा. तो भारदस्त आहे. भारतीय वाचकाला मात्र येथे परके वाटणार नाही. विज्ञानकथालेखिका वंदना सिंग यांचे लेखन येथे आले आहे आणि संविधानाचे अभ्यासक असलेले गौतम भाटिया यांनी संपादनाची धुरा सांभाळली आहे.

आपल्याकडे 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. नाव न पाहता कथा वाचली जावी, ही इच्छा इतक्या मोठ्या माणसालाही होती. ज्यांना नावच नाही, त्यांना इंग्रजीतून लिहिणे जमत नसेल तर या साप्ताहिकाकडे कसे जाता येईल, हा प्रश्न मला बरीच वर्षे होता. त्याचे उत्तर ‘समोवार’ने दिले. 2017 मध्ये सुरू झालेले हे त्याचेच त्रैमासिक भावंड अनुवादित कथा-कवितांसाठी आहे; त्यात इंग्रजी अनुवादाबरोबर मूळ भाषेतला पाठही दिला जातो आणि नव्या साहित्यासाठी लेखक व अनुवादक यांना सारखेच मानधन मिळते.

या पद्धतीचा अर्थ मला प्रत्यक्ष अनुवाद करताना उमगला. आमच्या गटातल्या एकाच्या कथेत चकवा येतो, कोकणातल्या रानात माणसाला त्याच त्याच वाटेवर फिरवत ठेवणारा. इंग्रजीत त्याला भूत म्हटले तर तो भलताच होतो आणि समजावून सांगू लागले तर तीन ओळी खातो. आधीच्या तीन मसुद्यांत मी त्याला निरनिराळी इंग्रजी नावे देऊन पाहिली. चौथ्या मसुद्यात, मूळ कथा शेजारी असणार या भरवशावर, मी त्याला ‘चकवा’च राहू दिले आहे.