बारीक कटिंग: ओल्या केसांवर की कोरड्या?

आठवडी बाजाराच्या दिवशी बाकावर पाच-सहा गिऱ्हाईकं ताटकळतात, तेव्हा नव्या कारागिराला प्रश्न पडतोच: पाणी मारावं की तसंच कापावं?

लांबीचा अंदाज ओल्यात फसतो. ओला केस ताणतो, वाळला की आखडतो. कुरळा तर फारच. म्हणून अर्धा सेंटीमीटर जास्त ठेवा, कंगवा ओढू नका. भोवराही पाण्यानं दबतो, अन् घरी गेल्यावर केस उभे! कोरड्यात तो आहे तसा दिसतो.

बोटात बट धरून सरळ कापायला मात्र ओलंच बरं. बट घसरत नाही, केस उडत नाहीत. पाणी ओलसर होण्यापुरतंच, थेंब गळायला नको.

मशीन नेहमी कोरड्यावर. ओले केस पात्यात गुंततात, ओढ बसते, पातं गंजतं. वैशाखातल्या घामाचंही तेच, आधी मान पुसा. तेल चोपडलेलं डोकं धुऊन पूर्ण वाळवा.

वेळ कोरड्यात वाचतो, धार चांगली असेल तर.

बाजू-मागून एकदम बारीक हवं त्याला कोरडं. कुरळ्यालाही कोरडंच. वर तीन-चार बोटं ठेवून भांग पाडणाऱ्याचा वरचा भाग ओला कापा, वाळल्यावर शेवटचा हात फिरवा. अन् वीज गेल्यानं मशीन बंद असेल तर ओले केस, कंगवा-कैची.