फुटपाथवर बोलार्ड लावण्याआधी स्कूटर मोजा

फुटपाथवर दुचाक्या चढू लागल्या की पहिली मागणी बोलार्डची, म्हणजे वाहनं अडवायला लावलेल्या आखूड खांबांची होते. पुण्यात जंगली महाराज रस्त्यापासून उपनगरांतल्या आतल्या रस्त्यांपर्यंत आणि मुंबईच्या वॉर्डावॉर्डात स्टीलचे, सिमेंटचे, प्लास्टिकचे खांब उभे राहिले आहेत. त्यांच्यामधून दुचाक्या मात्र आरामात जातात. पैसे लोकांचे, जागा चालणाऱ्यांची आणि वाट मोकळी झाली ती दुचाकीला, असं पुन्हा पुन्हा होतं याचं कारण खरेदीतच आहे. म्हणून बाजारात मिळणाऱ्या बोलार्डचं हे परीक्षण. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देणारे नागरिक, सोसायटीची कमिटी आणि मापपुस्तक भरणारे कनिष्ठ अभियंते या तिघांनाही ते उपयोगी पडावं.

निकाल आधीच सांगतो. बोलार्ड मोटार अडवतो, टेम्पो अडवतो, रिक्षाही अडवतो. रांगेत उभे केलेले नुसते खांब दुचाकी अडवत नाहीत, आणि ही उणीव कोणत्याही कंपनीच्या मालाची नाही, मापांचीच आहे.

मापं पाहा. अ‍ॅक्टिव्हा ६जीची रुंदी ६९७ मिलिमीटर, स्प्लेंडर प्लसची ७२०. साधी हाताने चालवायची व्हीलचेअर ६५० ते ७०० मिलिमीटर रुंद असते, पण चाक ढकलताना कोपरं बाहेर येतात, त्यामुळे तिला किमान ९०० मिलिमीटरची मोकळी फट लागते. म्हणजे व्हीलचेअर जाईल तिथून अ‍ॅक्टिव्हा जाणारच. फट अ‍ॅक्टिव्हापेक्षा अरुंद केली तर व्हीलचेअर, बाळाची गाडी, वॉकर घेऊन चालणारे आजोबा, सगळे रस्त्यावर ढकलले जातात. मुंबईत नेमकं हेच झालं आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला बोलार्डच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. अपंग माणसाचा रस्ता बंद करून दुचाकी अडवणं हा पर्यायच असू शकत नाही. तो बाजूला ठेवूनच पुढचा विचार करायचा.

आता हेच माप प्रत्यक्ष फुटपाथवर. आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. अशा फुटपाथच्या तोंडाशी मधोमध ११५ मिलिमीटर व्यासाचा एक खांब लावला तर दोन्ही बाजूंना ८४२ मिलिमीटर उरतात. व्हीलचेअर अडते, स्कूटर जाते. २.४ मीटरच्या फुटपाथवर दोन खांब लावले तर प्रत्येक फट ७२३ मिलिमीटरची होते. व्हीलचेअर पूर्ण बंद, आणि अ‍ॅक्टिव्हा तरीही जाते. तिथे एकच खांब लावला तर दोन्हीकडे ११४२ मिलिमीटर मिळतात, व्हीलचेअरची सोय होते आणि मोटारही अडते. त्या खांबाकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

दुसरी चूक उंचीची. सर्रास मिळणारा बोलार्ड ७५० मिलिमीटर उंच असतो. दुचाकीचं हँडल साधारण एक मीटरवर असतं, त्यामुळे ते खांबाच्या डोक्यावरून सहज सरकतं. खाली उरतो तो स्कूटरचा पुढचा पत्रा आणि पाय ठेवायची जागा, आणि हा भाग हँडलपेक्षा बराच अरुंद. म्हणजे ६९७ चं मापही प्रत्यक्षात लागू पडत नाही, त्याहून चिंचोळ्या फटीतूनही स्वार वाकडी करून गाडी काढतो. जमिनीपासून ११०० मिलिमीटर उंचीचा खांब असेल तर निदान हँडल आणि आरसे अडतात, वेग उतरतो. निविदेत किंवा कोटेशनमध्ये 'उंची' एवढंच लिहिलं असेल तर ती जमिनीवरची की एकूण, हे लेखी विचारून घ्या. एक मीटरचा पाइप आणून त्यातला पाव मीटर जमिनीत गेला की पुन्हा ७५० वरच येतो.

आता माल.

स्टेनलेस स्टीलचा खांब सगळ्यात जास्त विकला जातो. दिसायला छान, आणि बहुतेक ठिकाणी बसवायला चुकीचा. तळाला चौकोनी पत्रा, त्याला चार अँकर बोल्ट आणि ते बोल्ट पेव्हर ब्लॉकमध्ये ठोकलेले, ही पद्धत पूर्ण नाकारावी. पेव्हर ६० किंवा ८० मिलिमीटर जाड असतो आणि खाली नुसत्या वाळूवर बसवलेला असतो. बोल्टला धरून ठेवणारं तिथे काही नाही. एखादी रिक्षा मागे घेताना टेकली की खांब पेव्हरसकट उपटून येतो. मग तो आडवा पडतो, बोल्टची टोकं वर राहतात आणि अंधारात त्यावर चप्पल अडकून माणूस पडतो. योग्य पद्धत अशी: साधारण ४०० बाय ४०० मिलिमीटरचा, ४५० खोल खड्डा, त्यात एम २० काँक्रीट, पाइप निदान ३०० ते ४०० मिलिमीटर आत, आणि पेव्हर नंतर खांबाभोवती कापून बसवायचे. खणण्याआधी खालून वीज, पाणी आणि फायबरच्या वाहिन्या कुठून जातात ते तपासून घ्यावंच लागतं. खांब बोल्टवर उभे करायची सवय लागली ती बरेचदा हे तपासणं टाळण्यासाठी.

ग्रेडकडे लक्ष द्या. २०२ ग्रेडचं स्टील स्वस्त पडतं आणि नवं असताना ३०४ सारखंच चमकतं, पण पावसाळ्यांत जोडाशी तपकिरी डाग धरतं. पुणे, नाशिक, नागपूरसाठी ३०४ पुरे. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत ३१६ घ्यावं, नाहीतर स्टीलचा नाद सोडावा. पत्र्याची जाडी ३ मिलिमीटरच्या खाली नको. २ मिलिमीटरचा पाइप धक्क्याने चेपतो आणि चोरही तो लवकर कापतो. चोरीवर उपाय सोपा आहे: पाइप आतून काँक्रीटने भरून टाकायचा. भंगारवाल्याला त्यात रस राहत नाही आणि खांब कितीतरी मजबूत होतो. वरची टोपी वेल्ड केलेली हवी. नुसती दाबून बसवलेली टोपी निघते आणि उघडा पाइप गुटख्याच्या पुड्यांचा डबा होतो.

साध्या लोखंडी पाइपला उगाच कमी लेखलं जातं. ४ मिलिमीटर जाडीचा, गॅल्व्हनाइझ केलेला, पिवळा-काळा रंगवलेला खांब संध्याकाळी स्टीलपेक्षा स्पष्ट दिसतो. चकचकीत स्टील तिन्हीसांजेला आजूबाजूच्या रंगात मिसळून जातं आणि कमी दिसणाऱ्या माणसाचा गुडघा त्यावर आपटतो. लोखंडाचा दोष एकच, ते जमिनीलगत सडतं. काँक्रीट खांबाभोवती किंचित उंच, बाहेर उतार ठेवून केलं तर पाणी साचत नाही आणि आयुष्य वाढतं. एका मोठ्या रस्त्याचं काम द्यायचं असेल तर आमची पसंती यालाच.

दगडी खांब, म्हणजे बेसाल्टचा किंवा ग्रॅनाइटचा, सगळ्यात टिकाऊ. रंग नको, भंगारात किंमत नाही. आणायला आणि उभा करायला मेहनत पडते आणि उभा चिरला तर बदलावाच लागतो. जुन्या पेठांमध्ये तो शोभतोही. सिमेंटचे गोळे मात्र नकोत. गुडघ्याच्याही खाली राहणारा गोळा मोटार अडवतो, पण मोबाइलवर नजर असलेल्याच्या, अंध माणसाच्या आणि गर्दीत चालणाऱ्या प्रत्येकाच्या नडगीवर बसतो. दुचाकीला त्याची काहीच अडचण नाही, हँडल त्याच्या अर्धा मीटर वरून जातं.

प्लास्टिकचा लवचीक नारिंगी खांब लेन आखण्यासाठी बनलेला आहे. वाकून परत उभं राहणं हाच त्याचा गुण, आणि फुटपाथवर तोच दोष. स्वार चाकाने दाबून पुढे जातो. काही महिन्यांत तो तळाशी फाटतो आणि तीन बोल्ट तेवढे उरतात. फुटपाथसाठी याला शून्य गुण.

काढता येणारा, कुलपाचा खांब अग्निशमन दलाची गाडी आत जायला हवी तिथेच घ्यावा. खाचेत माती भरते, कुलूप गंजतं, किल्ली कुणाकडे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि एकदा काढलेला खांब परत बसत नाही. दोन खांबांमध्ये साखळी हा तर पूर्ण चुकीचा खर्च. लोंबणारी साखळी पांढऱ्या काठीला लागत नाही, पायाला लागते.

मग दुचाकी अडते कशाने? लांबीने. अ‍ॅक्टिव्हा १८३३ मिलिमीटर लांब आहे, स्प्लेंडर २००० मिलिमीटर. व्हीलचेअर साधारण १०५० ते १२०० मिलिमीटरची असते आणि १५०० मिलिमीटरच्या वर्तुळात जागच्या जागी वळते. रुंदीत दोघी सारख्या असल्या तरी वळण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्याचा उपयोग करणारी वस्तू म्हणजे झिगझॅग रेलिंग. १.८ मीटरच्या फुटपाथवर एका बाजूने ९०० मिलिमीटर लांबीचं आडवं रेलिंग, त्यापुढे १५०० मिलिमीटर मोकळं सोडून दुसऱ्या बाजूने तेवढंच दुसरं. चालणारा माणूस आणि व्हीलचेअर नागमोडी पार होतात. दुचाकीस्वाराला उतरून गाडी मागेपुढे करत काढावी लागते. सिग्नलचे दोन मिनिट वाचवायला फुटपाथवर आलेल्याला तेवढा वेळ परवडत नाही, आणि म्हणून तो येत नाही.

ही रचनाही आंधळेपणाने लावू नये. रेल्वे स्थानक, शाळेचं फाटक, मोठा बसथांबा इथे ती गर्दी तुंबवते, तिथे नकोच. रेलिंगला जमिनीपासून १५० ते २०० मिलिमीटरवर खालचा दांडा असलाच पाहिजे, नाहीतर पांढरी काठी खालून निघून जाते आणि माणूस छातीने आदळतो. दोन्ही दांड्यांवर रिफ्लेक्टरची पट्टी हवी. अंध माणसांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या उंचवट्याच्या टाइल्स रेलिंगच्या वळणाप्रमाणे वळवाव्या लागतात. हे काम फार कमी ठिकाणी नीट होतं. टाइल्सची सरळ रेघ आणि त्या रेघेवर मधोमध खांब, हा प्रकार अंध माणसाला हाताला धरून खांबावर नेण्यासारखा आहे. टाइल्सच्या दोन्ही बाजूंना निदान ३०० मिलिमीटर जागा मोकळी ठेवा.

खांब किंवा रेलिंग मागण्याआधी दुचाकी चढते कुठून ते पाहा. १५० मिलिमीटर उंचीचा कर्ब, म्हणजे फुटपाथची उभी कड, स्कूटरला त्रासदायक असतो. अ‍ॅक्टिव्हाचं मागचं चाक १० इंची, टायरसकट त्रिज्या जेमतेम २१७ मिलिमीटर. एवढ्या चाकाला १५० ची पायरी वेग घेतल्याशिवाय चढत नाही, आणि वेगात चढली तर बुडाचा पत्रा घासतो. स्प्लेंडरची १८ इंची चाकं तिरकी घालून चढतात, तरी धक्का बसतो. त्यामुळे खरा प्रवेश होतो सोसायटीच्या आणि दुकानांच्या फाटकांशी, जिथे अख्खा फुटपाथ रस्त्याच्या पातळीवर उतरवलेला असतो. असं प्रत्येक फाटक दुचाकीसाठी तयार रॅम्प आहे. तिथे फुटपाथ आपल्याच उंचीवर सलग ठेवायचा, उतार फक्त कडेच्या पट्टीत द्यायचा आणि उताराच्या दोन्ही अंगांना फुटपाथच्या आडवं रेलिंग लावायचं. मोटार आत जाते, चालणाऱ्याला चढउतार करावा लागत नाही, आणि दुचाकीला फुटपाथच्या लांबीने वळायला जागा मिळत नाही. एका रस्त्यावर पैसे थोडेच असतील तर पंधरा खांबांऐवजी तीन फाटकं अशी दुरुस्त करा.

उलट दिशेने येणाऱ्यांचं दुखणं वेगळं. दुभाजकातली वळायची जागा लांब असली की जवळच्या फाटकापर्यंत लोक फुटपाथनेच येतात. तिथे रेलिंगसोबत वाहतूक शाखेकडे वळणाची जागा जवळ मागणंही गरजेचं आहे, नाहीतर रेलिंगशेजारून रस्त्यावरच राँग साइड सुरू होते.

कायदा स्पष्ट आहे. फुटपाथवर वाहन चालवायला २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी मनाई केली आहे. असे विनियम मोडल्यास कलम १७७अ खाली ५०० ते १००० रुपये दंड आहे. धोकादायक रीतीने चालवलं तर कलम १८४ लागू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चालण्यायोग्य फुटपाथचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं सांगितलं. देशात २०२२ या एका वर्षात ३२,८२५ पादचारी अपघातांत मेले. फुटपाथ बंद झाला की चालणारा ज्या रस्त्यावर उतरतो, तो रस्ता असा आहे. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करताना फोटोत नंबरप्लेट, कर्बची कड आणि मागची ओळखीची पाटी तिन्ही दिसतील असं पाहा. कड दिसली नाही तर गाडी फुटपाथवरच होती हे फोटोवरून ठरत नाही.

पुण्यात अर्ज पथ विभागाच्या नावे करावा, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला. त्यात 'बोलार्ड बसवावेत' एवढंच लिहू नका. फुटपाथची मोजलेली रुंदी, दुचाकी चढण्याच्या जागा, हवी ती फट आणि जमिनीवरची उंची मिलिमीटरमध्ये लिहा. काम झाल्यावर बिल निघण्याआधी तीन गोष्टी तिथल्या तिथे करून बघण्याचा आग्रह धरा. एक व्हीलचेअर कुणाच्याही मदतीशिवाय पार न्यायची. एक स्कूटर त्याच वाटेने, बसून, पाय न टेकता नेण्याचा प्रयत्न करायचा. आणि प्रत्येक खांब दोन्ही हातांनी जोर लावून हलवायचा. व्हीलचेअर अडली, स्कूटर गेली किंवा खांब डुलला, तर दोष दायित्व कालावधीची (ठेकेदाराने कामातले दोष दुरुस्त करून द्यायच्या मुदतीची) वाट न बघता ठेकेदाराकडून त्याच आठवड्यात काम पुन्हा करून घ्या. काँक्रीट पक्कं झालं आणि बिल निघालं की तो खांब वर्षानुवर्षं तसाच राहतो.