दॅट्स माय बुश! : राष्ट्राध्यक्षांच्या दिवाणखान्यातला फार्स

जॉर्ज डब्ल्यू. बुश राष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम अडीच महिने झाले असताना, एप्रिल २००१ मध्ये, अमेरिकेच्या कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर ही मालिका सुरू झाली आणि ८ भागांतच आटोपली. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या निर्मात्यांनी बुश यांच्या राजकारणापेक्षा कौटुंबिक विनोदी मालिकांच्या ठरीव साच्याचीच अधिक खिल्ली उडवली आहे. विसराळू नवरा, सोशिक बायको, तोंडाळ मोलकरीण, न विचारता घरात घुसणारा शेजारी आणि प्रत्येक वाक्यावर खदखदणारा ध्वनिमुद्रित हशा, असा सगळा सरंजाम येथे व्हाइट हाउसमध्ये मांडलेला आहे.

पहिल्याच भागात पत्नी लॉराबरोबरचे जेवण आणि गर्भपाताच्या प्रश्नावरील समेटाची बैठक एकाच संध्याकाळी येते, आणि दोन्हीकडे हजेरी लावण्यासाठी बुशसाहेबांची जी धावपळ होते, ती मराठी रंगभूमीवरील फार्स पाहिलेल्या प्रेक्षकाला अगदी ओळखीची वाटेल. टिमोथी बॉटम्स यांनी बुश यांची नक्कल न करता एक गोंधळलेला, मनाने निर्मळ गृहस्थ उभा केला आहे. मोलकरणीच्या भूमिकेतील मार्शा वॉलेस तर निव्वळ एका कटाक्षाने प्रसंग खिशात घालतात.

मात्र साच्याची थट्टा करता करता मालिका स्वतःच त्या साच्यात अडकते. लॉराला ठोसा मारण्याची बुश यांची लटकी धमकी पहिल्यांदा विडंबन म्हणून खपते. पुढे ती कानाला खुपते. शिवाय काही विनोद इतके ओंगळ आहेत की घरच्या मंडळींसोबत ही मालिका पाहण्याचे धाडस मी तरी करणार नाही.